राधाकिशन ड्रायव्हरची राहिलेली फेरी

वडवणीच्या राधाकिशन डोईफोडेनं साठी उलटल्यावर गेम खेळायचा लॅपटॉप घेतला, ही बातमी तो बीडहून परत यायच्या आधीच गावात पोचली होती. कशी पोचली ते विचारू नये. वडवणीत बातमीला तिकीट लागत नाही. ती उभ्यानं येते आणि सगळ्यांच्या आधी उतरते. चहाच्या पहिल्या कपाला लोक म्हणत होते की राधाकिशन शेअर बाजारात शिरला. दुसऱ्या कपाला तो ऑनलाइन रमीवर आला. तिसरा कप कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर सांगितला, तोवर त्याचं अर्धं घर रमीत गेलंही होतं.

शेजारच्या केसरबाईला राहवलं नाही. वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं ती आत आली, राधाकिशनच्या बायकोला, विजयमालाबाईला, गॅसपाशी गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाली की तिच्या माहेरी एकानं ह्याच नादात घरावरचे पत्रे विकले. तेव्हा बाई, डोरलं तेवढं उशाखाली घेऊन झोपत जा.

विजयमालाबाईनं फोडणी दिली, वर झाकण घातलं आणि मग तोंड उघडलं. "रमी असती तर पत्करली असती, बाई. ह्यान्ला एसटी चालवायचीय. घरात बसून."

केसरबाई साखर न घेताच गेली. ही बातमी रमीपेक्षा मोठी होती.

आता खरं काय ते सांगायला हवं. राधाकिशन एसटीत ड्रायव्हर होता. उभी हयात परळी–बीड रस्त्यावर गेली. परळी, सिरसाळा, तेलगाव, वडवणी, घाटसावळी, बीड, की तोंड फिरवून परत. आडनाव डोईफोडे, पण नोकरीत कुणाच्या डोईला टेंगूळ आलं नाही. नियमाला असा पक्का की थांबा सोडून गाडी उभी करणार नाही. एकदा सख्ख्या सासऱ्यानं थांब्याच्या अलीकडे, शेताच्या बांधावरून हात केला. ह्यानं पाहिलं, मान लववून नमस्कारही केला आणि गाडी नेऊन उभी केली ती थांब्यावर. सासरा धोतर सावरत पळत आला आणि बीडपर्यंत जावयाशी बोलला नाही. त्या दिवाळीला जावयाला कपडे आले नाहीत. राधाकिशनला त्याचं काही वाटलं नाही. अंगावर खाकी असताना त्याला दुसऱ्या कपड्यांची आठवणच व्हायची नाही.

त्याचा खरा अभिमान म्हणजे डिझेलचा ॲव्हरेज. डेपोत साहेब लोक बाकीच्या ड्रायव्हरांना सांगायचे, डोईफोडेकडून शिका. गाडी उतारावर कशी सोडायची, गिअर कधी बदलायचा, ॲक्सिलेटरवर पाय कसा नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, हे त्याच्या तळपायाला ठाऊक होतं. माणिकराव ओव्हाळ त्याचा कंडक्टर. तोही वडवणीचाच, पलीकडच्या गल्लीतला. तो प्रवाशांना सांगायचा, "जरा दमानं श्वास घ्या मंडळी, आमच्या डायवरचं डिझेल जातंय." ही जोडी एका गाडीवर इतकी वर्षं टिकली की दोघांच्या बायका म्हणायच्या, ह्या दोघांचंच लग्न लावून दिलं असतं तर आपण सुटलो असतो.

आणि असा माणूस शेवटच्या फेरीला मुकला.

एसटीत रीत आहे. ड्रायव्हर रिटायर व्हायच्या दिवशी त्याच्या गाडीला झेंडूच्या माळा लागतात, पुढं केळीचे खांब बांधतात, बायकापोरं पहिल्या सीटवर बसतात, थांब्याथांब्यावर पेढे वाटले जातात. राधाकिशननं अशा कितीजणांच्या गाड्या स्वतःच्या हातानं सजवल्या. त्याची पाळी यायच्या आधी डोळ्यांची तपासणी आली आणि उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. समोरचं लखलखीत दिसे, पण कडेचं पुसलं गेलेलं. उजवा आरसाच दिसेना, तर गाडी कशी द्यायची? नियम बरोबर होता. नियमाच्या माणसाला त्याच्याशी भांडताही येईना. त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि माइक हातात दिला. जी गाडी आपण चालवायची ती फलाटावर लागली आहे, असं सगळ्या स्टँडला ओरडून सांगायचं. रिटायर झाला तो त्याच खिडकीतून. ऑफिसात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि नारळ मांडीवर घेऊन हा आपल्याच रस्त्यानं, दुसऱ्याच्या गाडीत, तिसऱ्या सीटवर बसून घरी आला. शेजारच्या प्रवाशानं नंतर सांगितलं, घाटसावळीच्या चढाला म्हातारा रिकाम्या जागेत पाय आपटत होता.

घरी आल्यावरही तो जेवताना ताट उजवीकडे-डावीकडे वळवायचा, आणि दारातून पाटीवाली गेली तरी डावा पाय क्लचवर जायचा. त्यात ह्या वर्षी बीडच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या डोळ्याची कडही झाकायला लागली आहे म्हणून सांगितलं. थेंब घालत राहा, जे आहे ते जपा. हे त्यानं बायकोला सांगितलं नाही, फक्त माणिकरावला सांगितलं. माणिकरावला सांगणं म्हणजे आपण आपल्याशीच बोलण्यासारखं होतं.

आणि इथं चैताली आली.

चैताली ही माणिकरावची थोरली. पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. एप्रिलमध्ये भीमजयंतीला घरी आली तेव्हा तिनं राधाकिशनकाकाला आपला लॅपटॉप उघडून दाखवला. बस चालवायचा एक गेम होता आणि त्यात ज्याला जो रस्ता हवा तो आपण बनवून घालायची सोय होती. पोरीला पुण्यात गावाची आठवण यायची. तिनं सुट्टीच्या दिवसांत बसून अख्खा परळी–बीड रस्ता बनवला होता. परळीच्या थर्मल वीजकेंद्राची धुरांडी, रस्त्यावरून उडणारी राख, उसाच्या ट्रॉल्या, सिरसाळ्याचा बाजार, वडवणीचा फाटा, सगळं. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा तिनं कडेचा काढून समोर, काचेच्या मधोमध आणून ठेवला. राधाकिशननं तो पाहिला आणि बराच वेळ नुसता आरशाकडेच बघत बसला. मागून येणारा ट्रक दिसत होता.

तिनं आग्रह केला, तेव्हा वडवणीच्या फाट्यापासून त्यानं थोडी गाडी काढली आणि लगेच उभी केली. पूर्ण फेरी कर म्हणाली, तर नको म्हणाला. दुसऱ्याकडून मागून आणलेल्या गाडीवर शेवटची फेरी करायची नसते. स्वतःच्या नावावर गाडी असली पाहिजे, आपण तपासून, ताब्यात घेतलेली.

"मग घ्या की लॅपटॉप," चैताली म्हणाली. "मी बुद्धपौर्णिमेला परत येईन तेव्हा रस्ता त्यात घालून देते. स्टिअरिंग आणि पायडल माझं घेऊन येते."

जायच्या आधी तिनं दोघांना समोर बसवून समजावलं. प्रोसेसर म्हणजे इंजिन धरा. पण तेवढ्यानं भागत नाही. चित्रं काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, त्याला स्वतःची मेमरी असली पाहिजे. रॅम सोळाच्या खाली नको. ती म्हणजे गाडीतली बसायची जागा, कमी पडली की सगळे दारात लोंबकळतात. एसएसडी हवी, म्हणजे गेम झटकन उघडतो. पंखे दणकट हवेत, जाळ्या मोठ्या हव्यात. वजनाला घाबरू नका, आवाजाला घाबरू नका, आणि बॅटरी किती चालते ते अजिबात विचारू नका. असला लॅपटॉप चार्जर लावूनच चालवायचा असतो.

राधाकिशननं सगळं ऐकलं. प्रोसेसर पटला, रॅम पटली. एका गाडीला दोन इंजिनं कशाला, हे जरा घशात अडकलं. पण शेवटचं वाक्य मात्र त्यानं मनातून काढूनच टाकलं. जन्मभर ज्यानं थेंबाथेंबाचा ॲव्हरेज काढला, त्याला पोरगी सांगत होती की टाकी बघू नका. आजकालच्या पोरांचं असंच असतं, असं तो बीडच्या एसटीत चढताना माणिकरावला म्हणालासुद्धा. माणिकराव म्हणाला, आजकालची पोरगी माझी आहे, जपून बोल.

बीडला सुभाष रोडच्या अलीकडे एका गल्लीत लॅपटॉपचं दुकान आहे. तिथं योगिता नावाची मुलगी विक्रीला होती. तिनं बरेच ग्राहक पाहिले असतील. नवरदेवाला लॅपटॉप देणारे सासरे, क्लासच्या फीपेक्षा भारी लॅपटॉप मागणारी पोरं. पण लॅपटॉपभोवती एक चक्कर मारून मग खाली वाकून बघणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. राधाकिशननं लॅपटॉप उचलून उलटा केला, जाळीत बोट घालून पाहिलं, चार कोपरे दाबले, बिजागरी उघडझाप करून कुरकुर होते का ते ऐकलं. माणिकराव मागे उभा राहून तिला सांगत होता की पोरी, घाबरू नको, आता तो पाणी कुठं घालायचं ते विचारील. आणि त्यानं विचारलं. पाणी नव्हे, पण गरम झाल्यावर ह्याला गार करायला काय करायचं, ते.

योगितानं आधी चैतालीनं सांगितला होता तसाच दाखवला. काळा, जाड, उचलताना दोन्ही हात लागतील असा. चालू केल्यावर बटणांखालून तांबडे, हिरवे, जांभळे दिवे पळायला लागले. वरातीतल्या बँडच्या गाडीला असतात तसे. तिनं त्यावर एक गाड्यांचा गेम लावला आणि थोड्याच वेळात आतले पंखे असे काही बोंबलायला लागले की शेजारच्या काउंटरवरच्या बाईनं वळून पाहिलं. कडेच्या जाळीतून गरम वारा राधाकिशनच्या पोटावर आला.

त्यानं एक पाऊल मागे घेतलं. "ही गाडी मी डेपोच्या भाईर काढणार न्हाई. इंजिन तापलंय. आवाज ऐक की."

"काका, तो असाच असतो. पंखे चालू आहेत म्हणूनच तो गार राहतो."

"ॲव्हरेज काय देती?"

योगिताला वाटलं बॅटरी विचारतात. खरं तर तेच विचारत होता. ती प्रामाणिक मुलगी. म्हणाली, गेम खेळताना तासभर, फार तर. पण चार्जर काढला की जोर निम्मा होतो, म्हणून लावूनच ठेवायचा.

राधाकिशननं माणिकरावकडे पाहिलं. तासाभरात टाकी रिकामी, वर ढकलल्याशिवाय चढ चढत नाही, आवाजानं थांब्यावरचे प्रवासी पळून जातील. असली गाडी त्याला कुणी फुकट दिली असती तरी त्यानं शेरा मारून परत केली असती. त्यानं विचारलं, दुसरी नाही का? आणि दुकानाची लक्ष्मी म्हणा, नशीब म्हणा, दुसरी होती. पातळ, चंदेरी, एका हाताच्या तळव्यावर राहील अशी. दिवसभर बॅटरी चालते, आवाज नाही, गरम होत नाही. राधाकिशननं तिच्या पाठीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माणिकराव समजला की गेलं सगळं.

योगिता म्हणाली, ह्याच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटातच थोडीशी सोय आहे. तुमचा गेम जड असेल तर... राधाकिशननं विचारलं, बस चालेल का? ती म्हणाली, चालेल, पण... त्या 'पण'च्या पुढचं त्यानं ऐकलं नाही. माणिकरावनं ऐकलं. तो म्हणाला, काळा घे, पोरीनं काळाच सांगितलाय.

"गाडी डायवर बघतो," राधाकिशन म्हणाला. "तू तिकिटं बघ."

झालं. एवढ्यावर दोघे परतीच्या एसटीत वेगवेगळ्या सीटवर बसले, आणि ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं ते बातमीला जोडून टाकलं.

मग बुद्धपौर्णिमेला चैताली आली. खिरीचा डबा घेऊन काकूकडे आली, स्टिअरिंग आणि पायडल घेऊन आली. स्टिअरिंग पाहून राधाकिशन म्हणाला, हे तर भाकरीएवढंच आहे, आणि खुश होऊन टेबलाला बांधलं. मग तिनं पिशवीतून निघालेला चंदेरी लॅपटॉप पाहिला. तिनं बापाकडे पाहिलं. बाप छताकडे पाहत होता.

गेम चढला, रस्ता चढला, राधाकिशन खुर्चीत बसला. परळीच्या स्टँडातून गाडी निघाली ती एका फोटोतून दुसऱ्या फोटोत. मधला रस्ता नव्हताच. स्टिअरिंग आत्ता फिरवावं तर गाडी थोड्या वेळानं वळायची, आणि तोवर ती पानटपरीत असायची. राखेचा धूर यायचा तिथं काळे चौकोन येऊन हवेत लटकले. बाजारात म्हशी अर्ध्याच आल्या, पुढच्या अर्ध्या. प्रवासी चढले त्यातल्या दोघांना डोकी नव्हती. केसरबाई एव्हाना खिडकीतून बघत होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

राधाकिशननं दात आवळून गाडी ओढली. तेलगाव आलं, वडवणी आली. घाटसावळीच्या चढाला लागल्यावर चित्र थांबलं. गाडी अर्धी चढावर, समोर अर्धं आभाळ, आणि लॅपटॉप मात्र गप्प. एकदम शांत. त्यानं पाठीवर हात ठेवून पाहिला. तापला होता, पण तक्रार काही नाही. ह्याच गुणावर त्यानं तो घेतला होता.

चैताली हळूच म्हणाली, "काका, मी परवा सकाळी निघणार. पुढच्या सुट्टीला..."

"पुढच्या सुट्टीला डोळा ऱ्हाईल का न्हाई कुणाला ठावं," राधाकिशन म्हणाला. समोर बघूनच म्हणाला. विजयमालाबाई खिरीच्या वाट्या घेऊन दारात उभी होती. तिला दुसऱ्या डोळ्याचं तेव्हा कळलं. तिनं वाट्या टेबलावर ठेवल्या आणि आत गेली, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. भांडी सकाळीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीला राधाकिशन स्टँडवर उभा राहिला तर माणिकराव आधीच जागा धरून बसलेला. आज दोघे एका सीटवर बसले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर. वाटेत माणिकराव एवढंच म्हणाला, की साहेबांच्या कारमध्ये तू एसटीचे प्रवासी भरून घाट चढायला निघालास, तिची काय चूक?

योगितानं टॉवेल उघडला तेव्हा राधाकिशननं मान ताठ ठेवली. म्हणाला, गाडी चांगली आहे, रूट चुकला. दुकानाचा मालक बदलून द्यायला आधी कुरकुरला, मग माणिकराव आत जाऊन बसला आणि त्याच्या वडिलांपासून ओळख काढायला लागला; ते मालकालाच सोसेना. त्यानं होय म्हटलं. दरम्यान योगितानं काळा लॅपटॉप पुन्हा काढला. ह्या खेपेला ती शहाणी झाली होती. गेम लावण्याआधीच म्हणाली, "काका, आवाज ऐकायला या."

पंखे बोंबलले. राधाकिशन कान देऊन ऐकत राहिला. मग त्यानं डोळे मिटले. ह्या आवाजाच्या गाडीत त्यानं आयुष्य काढलं होतं. चढाला लागलं की बॉनेट असंच घुमायचं, पोटऱ्यांना असाच गरम वारा लागायचा, आणि पुढच्या सीटवरची म्हातारी असंच म्हणायची, अगं बाई, फुटती का काय. जी गाडी चढ चढते ती ओरडतेच, हे त्याला ठाऊक होतं. फक्त काचेच्या दुकानात, एसीच्या गारव्यात ते आठवलं नव्हतं. त्यानं मग विचारायचं ते सगळं नीट विचारलं. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी किती, कंपनी त्याला वीज पुरती देते का उपाशी ठेवते, रॅमसाठी आणखी खाच मोकळी आहे का, जाळ्या खाली आहेत तर खाली काय ठेवायचं. बॅटरीचं विचारलं नाही. तोंडाशी आलं होतं. माणिकरावनं त्याच्या पायावर पाय दिला.

दुपारी घरात तयारी झाली. विजयमालाबाईनं सकाळपासून कुणाशी न बोलता झेंडूची माळ ओवली होती आणि लॅपटॉप टेबलावर ठेवल्याबरोबर तिनं ती चारी बाजूंनी घातली. फुलं जाळ्यांवर बसली, आतला लॅपटॉप गुदमरून किंचाळला. चैतालीनं हात जोडले, माळ काढली आणि म्हणाली, काकू, त्याचं नाक दाबलं जातंय. मग माळ टेबलाच्या पायांना गेली. लॅपटॉपखाली दोन लाकडी ठोकळे लावले, हवा खेळायला. केसरबाई आणि गल्लीतल्या दोघी-तिघी कॉटवर बसल्या. माणिकराव मागे, स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन. राधाकिशननं खाकी शर्ट घातला होता. पोटावरचं एक बटण लागत नव्हतं, तिथं त्यानं टॉवेल धरला.

गाडी चालू झाली, पंखे घुमले, आणि गाडी काही हलेना. चैतालीला वाटलं पुन्हा काही बिघडलं. काही बिघडलं नव्हतं. ड्रायव्हर बेलची वाट बघत होता. माणिकराव बायकांना तिकिटं विचारण्यात रंगला होता. केसरबाई म्हणत होती, मी ज्येष्ठ नागरिक हाय, मला फुकट. शेवटी राधाकिशन समोर बघूनच खाकरला. माणिकरावनं पेल्यावर चमचा दोनदा मारला, आणि गाडी सुटली.

काय गाडी चालली म्हणता! रस्ता पाण्यासारखा वाहत होता. धुरांड्यातून धूर, वाऱ्यावर राख, सिरसाळ्याच्या म्हशी पुढून मागून पूर्ण. प्रत्येक थांब्याला गाडी थांबली, आणि पेला दोनदा वाजल्याशिवाय कुठूनही हलली नाही. वडवणी आली तेव्हा चैतालीनं केलेली गंमत उघड झाली: रस्त्यापासून आत राधाकिशनचं घर होतं आणि दोरीवर विजयमालाबाईचं जुनं, फाटकं लुगडं वाळत होतं. विजयमालाबाई म्हणाली, बाई गं, बनवायचंच होतं तर इरकल तरी घालायचंस. पेढ्यांचा पुडा फिरला. ड्रायव्हरच्या तोंडात तिनंच पेढा घातला. त्यानं हात सोडले नाहीत.

आणि घाटसावळीच्या अलीकडे लाइट गेली.

मे महिना, दुपार, ती जायचीच. छताचा पंखा थांबला, लॅपटॉपचा सूर खाली आला, गाडी जड झाली. कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा बघता बघता उतरायला लागला. चैताली ते बघून पुटपुटली की हे स्टँडपर्यंत पुरत नाही. माणिकराव मागून म्हणाला, "डायवर, आता काढ ॲव्हरेज."

राधाकिशननं काढला. चढाला गिअर वेळेत टाकला, माथ्यावर जाऊन उताराला गाडी सोडली, पाय अलगद उचलला. बॅटरीला त्याचं काय कळणार? चैताली सांगणार होती, मग तिनं सांगितलं नाही. ती दुसरीकडून वाचवायला लागली. तिनं सावल्या काढल्या. उजेड कमी केला. ढग गेले, राख गेली, मग रस्त्याच्या कडेची लिंबं आणि बाभळी गेल्या, घरं गेली. उरला नुसता करडा रस्ता, वर काही नसलेलं आभाळ, आणि आरसा.

"काका, अजून पुरत नाही. आता प्रवासी काढावे लागतील. ते गेले की गाडी बीडला जाईल."

"झाडं नेलीस, आभाळ नेलंस, मी काय म्हनलो का?" राधाकिशन म्हणाला. "प्रवासी मधी उतरवायचे न्हाईत. त्यान्ला बीडचं तिकीट हाय."

चैतालीनं हात मागे घेतला.

बीडची हद्द आली ती फक्त पाटीवरून कळली, गाव नव्हतंच. स्टँडचं फाटक आलं. फलाटाला गाडी मागे घ्यायची होती, आणि ते आरशाशिवाय होत नाही. माणिकराव त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवत सुरू झाला, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावं... येऊ द्या..." राधाकिशन आरशात बघून इंच इंच घेत होता. "येऊ द्या... बस!"

आणि पडदा काळा झाला.

गाडी फलाटाला लागली की हातभर अलीकडे राहिली, ते कुणालाच कळलं नाही. केसरबाई म्हणाली, आली का? राधाकिशन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, ब्रेकवर पाय दाबून काळ्या पडद्याकडे बघत बसला होता. विजयमालाबाई जवळ आली. म्हणाली, "उतरा की आता. च्या ठेवते."

"थांब," तो म्हणाला. "मान्सं उतरायलीत."

मग सगळेच थांबले. माणिकराव दाराशी जाऊन उभा राहिला. वाट देण्यासाठी थोडा कडेला झाला, कुणाला तरी म्हणाला, म्हातारे, बोचकं ऱ्हायलं तुझं. आत डोकावून मागच्या सीटपर्यंत पाहून आला. मग त्यानं भिंतीवर थाप मारली.

"झाली रिकामी."

राधाकिशननं नसलेला हँडब्रेक ओढला, नसलेली किल्ली फिरवून खिशात टाकली आणि उठला. ड्रायव्हरचं दार उजव्या हाताला असतं, तेव्हा तो उजवीकडूनच उतरायला निघाला. तिकडं कॉट होती आणि कॉटवर केसरबाई बसली होती. तिला सरकावं लागलं.